एसआय जॉइंटचं ऑपरेशन कुणी करून घेतलंय का?

अबोली२१ | ४ मार्च २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४१, कोल्हापूर. कॉलेजात शिकवते, म्हणजे दिवसाचे चार-पाच तास उभी. २०१८ला धाकट्याच्या बाळंतपणानंतर कंबर दुखायला लागली. "बाळंतपणाची कंबर आहे, शेक घे, डिंकाचे लाडू खा" यात तीन वर्षं गेली. मग २०२१च्या पावसाळ्यात गाडी घसरली आणि उजव्या कुल्ह्यावर आपटले. तेव्हापासून दुखणं उजवीकडेच आहे. कंबरेच्या खाली जो खळगा असतो ना, बरोबर तिथे. अंथरुणात कूस बदलताना, गाडीवर टांग टाकताना आणि जिना चढताना जीव जातो. मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत उतरतं, त्याच्या खाली नाही.

एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली दिसली. तेवढ्यावर दोन वर्षं सायटिका म्हणून उपचार झाले: ट्रॅक्शन, पट्टा, गोळ्या, कटिबस्ती. आता दुसऱ्या एका सर्जननी सांगितलं की गादीचा काही संबंध नाही, एसआय जॉइंट आहे (सॅक्रोइलिअक, म्हणजे मणक्याच्या तळाचं हाड आणि कुल्ह्याचं हाड जिथे जुळतात तो सांधा). इंजेक्शन दिलं, दोन दिवस बरं वाटलं. म्हणाले, निदान पक्कं झालं, स्क्रू घालून सांधा फिक्स करू, पुढच्या महिन्यातली तारीख घ्या.

कुणी करून घेतलंय का? नंतर जमिनीवर मांडी घालून बसता येतं का? किती दिवस घरी बसावं लागतं? घरात सासूबाई आणि दोन मुलं, नवरा नोकरीमुळे बाहेरगावी. म्हणून विचारतेय.

खडूस_काका | ४ मार्च, रात्री ११:०५

आमच्या लहानपणी कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. माझी आत्या पायाळू. तिने कंबरेला हलकी लाथ मारली की माणूस चालत घरी जायचा, निदान तसं सांगायचा तरी. फी म्हणून नारळ. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

आता गंभीरपणे. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलून झाल्यात, त्यामुळे ऑपरेशनची भीती घालत नाही. पण 'पुढच्या महिन्यातली तारीख घ्या' हे गुडघ्यालाही मला कुणी म्हणालं नव्हतं. चार वर्षं दुखतंय, अजून चार महिने लागले तर आभाळ कोसळत नाही. दुसरं मत घ्या.

फिजिओ_मनवा | ५ मार्च, सकाळी ७:५०

अबोलीताई, एक करून बघा. कुठे दुखतं ते एकाच बोटाने दाखवा, दोन वेळा. दोन्ही वेळा बोट त्याच जागी, कंबरेच्या मागच्या हाडाच्या टेंगळाच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला गेलं, तर एसआयकडे संशय जातो. तळहाताने अख्खी कंबर दाखवणारा पेशंट वेगळा.

पण बोटावर ऑपरेशन ठरवत नाहीत. आम्ही टेबलावर झोपवून त्या सांध्याला मुद्दाम ताण देतो. कुल्हे बाहेर ढकलून, आत दाबून, मांडी उभी धरून खाली रेटा देऊन, एक पाय टेबलाखाली सोडून, पालथं झोपवून माकडहाडाच्या वरच्या हाडावर दाब देऊन. अशा पाचांपैकी निदान तिनांत *तुमचं नेहमीचंच* दुखणं उठलं पाहिजे. एकट्या चाचणीला काही अर्थ नसतो. तुमच्या किती केल्या?

आणि व्यायाम नेमके कोणते झाले? माझ्याकडे येणारे बरेच जण 'फिजिओ करून झालं' म्हणतात तेव्हा शेक आणि मशीनच झालेलं असतं. कुल्ह्याच्या आणि पोटाच्या खोलवरच्या स्नायूंवर कुणी तीन महिने काम करून घेतलेलं नसतं. एसआयचा पट्टाही वेगळा असतो. तो कंबरेला नाही, खाली कुल्ह्यांच्या हाडांवर बांधतात.

गोदाकाठ | ५ मार्च, सकाळी ९:३०

माझाही एसआयच होता, फक्त गोष्ट वेगळी. सव्विसाव्या वर्षी सुरू झालं. पहाटे चारला दुखून जाग यायची, उठल्यावर तासभर लाकडासारखा ताठ, आणि गंमत म्हणजे चाललो की बरं वाटायचं. एक्स-रे नॉर्मल, म्हणून सात वर्षं 'गादी' आणि 'स्ट्रेस' ऐकत राहिलो. मग डोळा लाल झाला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, कंबर दुखते का? एचएलए-बी२७ ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह, एमआरआयमध्ये दोन्ही एसआय सुजलेले. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या आणि एसआयच्या सांध्यांना आतून सूज आणणारा जुनाट आजार.

याला ऑपरेशन नाही, औषधं आहेत. ताई, सकाळचा ताठरपणा आहे का? एमआरआय काढला तो मणक्याचा की एसआयचा? मणक्याच्या एमआरआयमध्ये एसआय नीट येत नाही, मी हे सात वर्षं भोगलंय.

अबोली२१ | ५ मार्च, दुपारी १:१५

सकाळचा ताठरपणा पाच-दहा मिनिटं, जास्त नाही. चाललं की वाढतं. एमआरआय फक्त मणक्याचा. बी२७ कुणी सांगितली नाही. चाचण्यांपैकी पाय इंग्रजी चारच्या आकड्यासारखा ठेवून गुडघा खाली दाबला होता, तेवढी एकच आठवते. बोट मात्र दोन्ही वेळा तिथेच गेलं. :(

शंकासुर | ५ मार्च, दुपारी २:००

मूळ प्रश्नच विचारतो. हे ऑपरेशन खरंच चालतं का? नॉर्वे आणि स्वीडनमधला एक अभ्यास २०२४मध्ये छापून आला. ६३ पेशंट. अर्ध्यांना खरं ऑपरेशन, अर्ध्यांना भूल देऊन कातडीला फक्त चीर. कुणाला काय केलं ते पेशंटला माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी दहाच्या पट्टीवर दुखणं किती उतरलं? खऱ्या गटात २.६, खोट्या गटात १.७. संख्याशास्त्राच्या हिशोबात हा फरक धरता येत नाही.

म्हणजे नुसती चीर पाडूनही पावणेदोन अंक उतरतात. आत्याची लाथ आठवली.

खडूस_काका | ५ मार्च, दुपारी २:१०

आत्याला संशोधनात घेतल्याबद्दल आभार.

अस्थिरंजन | ५ मार्च, रात्री ११:२०

ऑर्थोपेडिक सर्जन आहे. ही ऑपरेशनं मोजकीच केली आहेत, त्याहून जास्त नाकारली आहेत. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण विषय समजावून सांगतो. लांबेल.

हा सांधा म्हणजे मणक्याच्या तळाचं त्रिकोणी हाड, त्रिकास्थी, आणि कुल्ह्याचं हाड यांचा जोड. अंगाचं वजन इथून पायांत उतरतं. तो हलतो जेमतेम दोन ते चार अंश, म्हणून कित्येक वर्षं डॉक्टरांचाही विश्वास नव्हता की हा दुखू शकतो. खरं तर आधी विश्वास होता, मग तो उडाला. १९०५मध्ये बॉस्टनच्या गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी कंबरदुखीचा दोष याच सांध्याला दिला. १९२१मध्ये बॉस्टनमध्येच स्मिथ-पीटरसननी तो उघडून जोडायची पद्धत लिहिली. आणि १९३४मध्ये, पुन्हा बॉस्टनच, मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या गादीवरचा लेख छापला. त्यानंतर पन्नास वर्षं सगळ्या कंबरा गादीच्या झाल्या. अबोलीताईंची दोन वर्षं त्या लेखाच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. आज जुनाट कंबरदुखीच्या साधारण १५ ते ३० टक्के पेशंटांत मूळ एसआयमध्ये असतं असं मानतात. बाळंतपणानंतर, कुल्ह्यावर आपटल्यावर, आणि खालचे मणके आधी जोडलेल्यांमध्ये जास्त.

आताचं ऑपरेशन स्मिथ-पीटरसनच्या वेळेसारखं मोठं नाही. पेशंट पालथा, पूर्ण भूल, कुल्ह्याच्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटरची चीर. सी-आर्मच्या एक्स-रेखाली एक तार कुल्ह्याच्या हाडातून, सांधा ओलांडून त्रिकास्थीत नेतात. त्या तारेवरून वाट करून टायटॅनियमचा तुकडा ठोकून बसवतात. अमेरिकेत २००८पासून मान्यता असलेला जो प्रकार सर्वांत जास्त अभ्यासला गेलाय तो त्रिकोणी आहे, म्हणजे गोल स्क्रूसारखा जागेवर फिरत नाही. खडबडीत पृष्ठभागावर हाड धरावं ही अपेक्षा. सहसा तीन बसवतात. तासाभराचं काम, एक-दोन दिवस दवाखाना. काही सर्जन फ्रॅक्चरचे पोकळ स्क्रू वापरतात. तुम्हाला काय घालणार ते विचारा, कारण अभ्यास बहुतेक त्रिकोणी तुकड्यांचे आहेत, स्क्रूला ते आपोआप लागू होत नाहीत.

मांडीचं उत्तर: सांधा मुळात जेमतेमच हलतो, त्यामुळे तो जोडल्याने मांडी जात नाही. मांडी खुब्यातून घडते.

शंकासुर, तुमचा अभ्यास खरा आणि चांगला आहे. पण गोष्ट अर्धी सांगितलीत. त्याआधी अमेरिकेत १४८ आणि युरोपात १०३ पेशंटांवर ऑपरेशन विरुद्ध बिगर-ऑपरेशन अशी तुलना झाली. युरोपातल्या अभ्यासात शंभरच्या पट्टीवर ऑपरेशनवाल्यांचं दुखणं सहा महिन्यांत सरासरी ४३ अंकांनी उतरलं, दुसऱ्यांचं सहासुद्धा नाही. ब्रिटनच्या नाईस या संस्थेनेही २०१७मध्ये पुरावा पुरेसा आहे म्हटलं, अट एवढीच की निदान पक्कं हवं.

शंकासुर | ६ मार्च, सकाळी ८:००

डॉक्टर, तुम्हीही अर्धीच सांगितलीत. ते दोन्ही अभ्यास तुकडे बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाले. शिवाय आपण कुठल्या गटात आहोत हे पेशंटांना ठाऊक होतं. चार वर्षं व्यायाम करून कंटाळलेल्या माणसाला 'तू पुन्हा व्यायामाच्या गटात' सांगितलं तर तो सहा महिन्यांनी काय आकडा देईल?

अस्थिरंजन | ६ मार्च, रात्री १०:४५

मान्य. दोन्ही मुद्दे मान्य. म्हणूनच ६३ जणांचा अभ्यास मला झोंबला. माझं वाचन असं: ऑपरेशन काही जणांना नक्की उपयोगी पडतं, पण सरासरीत दिसणारा मोठा फायदा ऑपरेशन या घटनेचा आणि थोडासा त्या धातूचा. त्यातले 'काही जण' कोण, हे आधी ओळखणं हीच सगळी कला. (अवांतर: स्मिथ-पीटरसन जन्माने नॉर्वेचा. सांधा जोडायला नॉर्वेकर, आणि शंभर वर्षांनी शंका काढायलाही नॉर्वेकरच.)

आता अबोलीताई, तुम्हाला एकच प्रश्न. ते इंजेक्शन कुठे दिलं? ओपीडीत की ऑपरेशन थिएटरमध्ये, एक्स-रे मशीनखाली?

लेस्टरकर | ६ मार्च, रात्री ११:५५ (भारतात उजाडलं असेल)

माझं ऑपरेशन २०१९ला इथे ब्रिटनमध्ये, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत झालं, डावी बाजू. अठरा महिने रांगेत होते, त्यात दोन वेळा इंजेक्शन आणि सक्तीची फिजिओ. ऑपरेशनपेक्षा नंतरचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. चीर इवलीशी म्हणून मी बेसावध राहिले. सहा आठवडे त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, कुबड्या. दोन्ही हात कुबड्यांत, मग चहाचा कप ओट्यावरून टेबलावर न्यायचा कसा? शेवटी झाकणाचा थर्मास गळ्यातल्या पिशवीत. आईला भारतातून बोलावलं होतं, तिने पहिल्या दिवशी पलंगाखाली विटा लावायची भाषा केली, उंच व्हावा म्हणून. इथे विटा कुठून आणू?

दुखणं आठावरून तीनवर आलं. शून्य नाही. पण ते तीन यायला नऊ महिने लागले, दुसऱ्या महिन्यात तर फसले असंच वाटत होतं.

सासवडची_सून | ७ मार्च, सकाळी १०:१०

आमचा अनुभव उलटा आहे, लिहू की नको करत होते. मिस्टरांना ऑपरेशनमधून बाहेर आल्या आल्या पायात करंट मारल्यासारखं व्हायला लागलं. दवाखाना म्हणे, 'सूज आहे, उतरेल.' तीन आठवड्यांनी दुसरीकडे सीटी केला तर एक स्क्रू नसेच्या भोकाला टेकलेला. पुन्हा भूल, पुन्हा चीर, स्क्रू काढला. करंट गेला, मूळ दुखणं आहे तसंच राहिलं. आणि नंतर कळलं की खुब्याचा सांधा झिजलाय, तो आधी कुणी तपासलाच नव्हता. कुणाला घाबरवायचं नाही. पण खुबा बघून घ्या.

अस्थिरंजन | ७ मार्च, दुपारी ३:३०

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्रिकास्थीतून नसा बाहेर पडतात ती भोकं आणि तिच्या पुढून जाणारी एल५ची नस, दोन्ही या वाटेच्या अगदी शेजारी. एक्स-रेच्या तीन वेगवेगळ्या कोनांतून तार बघत बघत न्यावी लागते, आणि नवीन करंट आला तर तीन आठवडे थांबत नाहीत, लगेच सीटी करतात.

खुबा, खालचा मणका आणि एसआय, तिघांचं दुखणं एकमेकांच्या घरात जातं. आपल्याकडे चौथाही शेजारी: टीबी. एकाच बाजूचा एसआय, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरतंय, तर धातू घालायच्या आधी टीबी नाही ना हे बघायलाच हवं.

अबोली२१ | ७ मार्च, रात्री ९:२०

डॉक्टर, ओपीडीत. पालथं झोपवून, अंगठ्याने दाबून, 'इथेच ना?' विचारून दिलं. मशीन वगैरे नव्हतं.

अस्थिरंजन | ७ मार्च, रात्री १०:००

मग निदान अजून झालेलंच नाही.

हा सांधा खोल आणि वाकडातिकडा आहे. हाताच्या अंदाजाने दिलेली सुई बहुतेक वेळा बाहेरच, आजूबाजूच्या स्नायूंत आणि लिगामेंटात राहते. उपचार म्हणून तसं दिलं तर मी वाद घालणार नाही, पण त्यावरून ऑपरेशन ठरवता येत नाही. सी-आर्म किंवा सीटीखाली सुई, मग थोडं रंगद्रव्य सोडून ते सांध्यातच पसरतंय हे फिल्मवर बघणं, आणि मग भुलीचं औषध. ती फिल्म मागून घ्या.

दुसरं. 'दोन दिवस बरं' हे उत्तर चुकीच्या वेळचं आहे. भुलीचं औषध काही तासच टिकतं आणि निदानाचा पुरावा तेवढ्याच तासांत असतो. पुढच्या दिवसांतलं बरं वाटणं त्याच इंजेक्शनमधल्या स्टिरॉइडचं असू शकतं, आणि स्टिरॉइड रक्तातून फिरतं. म्हणून इंजेक्शननंतर घरी जाऊन झोपू नका. जे केल्याने दुखतं ते सगळं करा आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. दुखणं तीन-चतुर्थांश तरी गेलं पाहिजे. मग काही आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण एका इंजेक्शनला फसगत बरीच होते.

गोदाकाठ | ७ मार्च, रात्री १०:२५

आणि बी२७ + एसआयचा एमआरआय. विसरू नका.

मीही_कंबरग्रस्त | ८ मार्च, सकाळी ६:४०

वाचनखूण साठवली. नसा जाळतात ते आरएफ कुणी केलंय का? मला तेच सुचवलंय.

फिजिओ_मनवा | ८ मार्च, दुपारी १२:००

सांध्याला जाणाऱ्या बारीक नसांना उष्णता देऊन काही महिने गप्प करतात, नसा परत वाढतात. माझ्या दोन पेशंटांना वर्षभर छान गेलं, एकाला काहीच नाही. २०१७च्या नेदरलँड्समधल्या मोठ्या अभ्यासात व्यायामाला आरएफची जोड देऊन लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नव्हता. पण ते मागे घेता येतं, ठोकलेला धातू काढणं अवघड. वेगळा धागा काढाल का?

अबोली२१ | २२ सप्टेंबर २०२५, रात्री ९:००

धागा वर काढतेय.

ऑपरेशनची ती तारीख रद्द केली. बी२७ निगेटिव्ह. एसआयच्या एमआरआयमध्ये सूज नाही, टीबीसारखं काही नाही, उजव्या सांध्याच्या कडा झिजलेल्या. खुबा स्वच्छ. तीन महिने मनवाताईंनी सांगितले तसे व्यायाम आणि खालचा पट्टा केला, सातावरून पाचवर आले. तिथेच अडकले.

जूनमध्ये पुण्यात सी-आर्मखाली इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी लिहिलं तसं बाहेर आल्यावर दवाखान्याचे दोन जिने चार वेळा चढले-उतरले, वॉचमन बघत राहिला. पाचावरून एक. बहिणीकडे गेले आणि जमिनीवर मांडी घालून मेथीच्या दोन जुड्या निवडल्या. सात वर्षांत जमिनीवर बसून मेथी निवडली नव्हती. बहिणीला कळेना मी रडतेय का. सहाच्या सुमाराला उठताना पुन्हा तीच कळ आली, घड्याळ लावल्यासारखी. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा, तसंच. दोन्ही वेळची फिल्म आणि वहीतले आकडे जपून ठेवलेत.

तर ठरवलंय. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. त्रिकोणी तुकडेच वापरणारे सर्जन मिळाले, वर्षाला किती करता आणि किती परत उघडावी लागली हे तोंडावर विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. विम्याची पूर्वपरवानगी पहिल्यांदा फेटाळली होती, दोन्ही फिल्म जोडून पाठवल्यावर मिळाली. शंकासुर, २.६ आणि १.७ हेही त्याच वहीत लिहून ठेवलंय, पहिल्याच पानावर.

शंकासुर | २२ सप्टेंबर, रात्री ९:४०

मग माझं काही म्हणणं नाही. ऑपरेशननंतरही दर महिन्याला आकडा लिहा आणि इथे टाका. वाईट असला तरी.

लेस्टरकर | २२ सप्टेंबर, रात्री ११:१०

थर्मास! आणि कमोडवर ठेवायची उंच सीट आधीच आणून ठेव. पलंगाला विटा तुझ्याकडे मिळतील.

अबोली२१ | २३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

विटा सासूबाईंनी आणूनसुद्धा ठेवल्यात. :) वॉकर भाड्याने कोल्हापुरात कुठे मिळतो?

खडूस_काका | २३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

भाड्याने कशाला? माझा माळ्यावर पडून आहे, गुडघ्यांच्या वेळचा. सांगलीहून कोल्हापूर तासाभराचं. पाय धुऊन रबरं नवीन बसवतो आणि दसऱ्यानंतर आणून देतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तुमची उंची किती, त्याप्रमाणे भोकं लावून ठेवतो.